घटक ४ : अप्पासाहेब पंत – औंधच्या स्वराज्यापासून परराष्ट्रसेवेपर्यंत

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• अप्पासाहेब पंत यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.
• लोकशाही व मानवी हक्क यांविषयीची निष्ठा आणि शासकीय प्रतिनिधीचे कर्तव्य यांतील ताण उदाहरणांसह मांडता येईल.
• चरित्रलेखनात व्यक्ती आणि तिचा काळ यांचे नाते कसे उलगडते, हे लक्षात येईल.

४.१ प्रास्ताविक

सांगलीहून माधवनगर मागे टाकून उत्तरेकडे जाणारी रेल्वे नांद्रे, भिलवडी या स्थानकांवरून किर्लोस्करवाडीस पोचते. आज हा सारा प्रदेश सांगली जिल्ह्यात मोडतो. स्वातंत्र्यापूर्वी मात्र एवढ्याशा प्रवासातही माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. सांगलीचे संस्थान वेगळे, बुधगावची मिरज धाकटी पाती वेगळी, मध्ये ब्रिटिशांचा खालसा मुलूख आणि कुंडल-किर्लोस्करवाडीचा भाग औंध संस्थानाचा. राजा बदलला की कायदा बदले, न्यायाधीश बदले आणि रयतेचे नशीबही बदले.

या संस्थानांपैकी औंध हे आकाराने लहान, उत्पन्नाने बेताचे. तरीही १९३९ साली या संस्थानात जे घडले, त्याची नोंद भारताच्या लोकशाहीच्या इतिहासात घ्यावी लागते. तेथील राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. हा बदल घडवून आणण्यात राजाच्या ज्या मुलाचा पुढाकार होता, तोच पुढे स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून आफ्रिका, हिमालयातील राज्ये, इंडोनेशिया, इजिप्त आणि ब्रिटन येथे वावरला. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत.

अप्पासाहेबांचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनात येतो. खेड्यातल्या शेतकऱ्याला मताचा अधिकार असावा असे मानणारा माणूस जेव्हा परक्या देशात आपल्या सरकारचा प्रतिनिधी होतो, तेव्हा तेथील अन्यायाविषयी त्याने किती बोलावे आणि किती मौन पाळावे? त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे सापडतात. तीच या घटकात आपण पाहणार आहोत.

४.२ घराणे, बालपण आणि शिक्षण

औंधच्या राजघराण्यास पंतप्रतिनिधी असे म्हणत. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद निर्माण झाले आणि पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. औंधचे संस्थान हा त्याच घराण्याचा वारसा. सुमारे पाचशे चौरस मैलांचे हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर पसरले होते. एकूण गावे ७२ आणि लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. आटपाडीकडचा भाग तर कायमचा दुष्काळी.

१९०९ साली भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. संस्थानातील शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार रूढ केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी कुंडलजवळ माळरानाची जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आश्रय दिला. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांनी औंधच्या टेकडीवर आपला कलासंग्रह सर्वांसाठी खुला केला. असा हा राजा प्रजावत्सल होता, तथापि त्या काळच्या अर्थाने राजाच होता. प्रजेचे हित कशात आहे हे राजाने ठरवायचे आणि प्रजेने ते स्वीकारायचे, अशीच रीत होती.

अशा पित्याच्या पोटी ११ सप्टेंबर १९१२ रोजी अप्पासाहेबांचा जन्म झाला. पहाटेचा व्यायाम, चित्रे, कीर्तने, यमाईच्या डोंगरावरील उत्सव आणि दरबारातील शिस्त या वातावरणात ते वाढले. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्ड येथे त्यांनी अभ्यास केला आणि लंडनमध्ये बॅरिस्टरची परीक्षा दिली. चौथ्या दशकातले इंग्लंड म्हणजे हुकूमशाहीच्या छायेतल्या युरोपाचे शेजारी. इटली आणि जर्मनीत लोकशाही कशी मोडून पडली, याची चर्चा तेथील विद्यार्थ्यांत रोज होत असे. १९३७ च्या सुमारास ते मायदेशी परतले, तेव्हा भारतात प्रांतिक मंत्रिमंडळे सत्तेवर आली होती आणि संस्थानी प्रजाही जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करू लागली होती.

४.३ औंधचा प्रयोग

याच सुमारास मॉरिस फ्रिडमन हे गृहस्थ औंधात आले. ते मूळचे पोलंडमधील ज्यू अभियंते. बंगळूर येथील विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात त्यांनी काम केले होते. गांधीजी आणि रमण महर्षी यांच्या विचारांनी प्रभावित होऊन त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले होते आणि भारतानंद असे नाव घेतले होते. अप्पासाहेब आणि फ्रिडमन यांची मैत्री जमली. राजवाड्यातील तरुण आणि परदेशी संन्यासी अशी ही जोडी संस्थानातली खेडी पायी फिरू लागली. दोघांच्या चर्चेतून आणि बाळासाहेबांच्या संमतीतून राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याची कल्पना आकारास आली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, आपल्या वाढदिवसाच्या निमित्ताने, बाळासाहेबांनी पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचा मनोदय जाहीर केला. घटनेचा आराखडा तयार करण्यासाठी अप्पासाहेब आणि फ्रिडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी आराखड्यात बारकाईने लक्ष घातले. सत्तेचा पाया राजधानीत नसून खेड्यात असावा, हा त्यांचा आग्रह होता. त्याचबरोबर राजपुत्राने नुसती घटना लिहून थांबू नये, तर साधी राहणी स्वीकारून खेड्यांत काम करावे, अशीही त्यांची अपेक्षा होती. अप्पासाहेबांनी ती मान्य केली. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली.

या घटनेची रचना खालून वर जाणारी होती. गावातील प्रौढ स्त्री-पुरुषांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि तालुक्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींनी संस्थानाच्या विधिमंडळात बसायचे. गावची शाळा, पाणी, रस्ते, आरोग्य आणि किरकोळ तंटे हे विषय पंचायतीकडे आले. महसुलातील वाटा गावाच्या पदरात पडू लागला. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा घालण्यात आली. अप्पासाहेबांनी शिक्षणखाते सांभाळले आणि पुढे संस्थानाचे मुख्य प्रधान म्हणून काम केले.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. ब्रिटिश भारतात १९३५ च्या कायद्याने मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधला होता. त्याच हिवाळ्यात काठेवाडातील राजकोट संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीसाठी सत्याग्रह चालू होता आणि मार्च १९३९ मध्ये गांधीजींना तेथे उपोषण करावे लागले. जे राजकोटला मागूनही मिळत नव्हते, ते औंधात राजाने आपण होऊन दिले. प्रौढ मतदानाचा अधिकार साऱ्या भारताला राज्यघटनेने १९५० साली दिला आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. औंधच्या खेडुतांनी त्यापूर्वी बारा वर्षे तो वापरून पाहिला होता.

४.४ स्वतंत्रपूर आणि भूमिगतांचा काळ

लोकशाहीची कसोटी समाजाने टाकून दिलेल्या माणसाच्या बाबतीत लागते. औंधात ती कैद्यांच्या रूपाने पुढे आली. गुन्हेगारास बेड्या आणि भिंती यांत न ठेवता जमीन, काम आणि विश्वास दिला तर तो बदलेल, ही कल्पना फ्रिडमन यांनी मांडली. १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची एक वसाहत उभी करण्यात आली. तिला स्वतंत्रपूर असे नाव मिळाले. येथे उंच भिंती नव्हत्या. कैदी शेती करीत, विहिरीचे पाणी रानात फिरवीत आणि कुटुंबासह राहत. आज ही वसाहत सांगली जिल्ह्यात असून राज्याच्या कारागृह व्यवस्थेचा भाग आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानाच्या मुलखातले आणि औंधच्या शाळेत शिकलेले.

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. त्यात कोणाही माणसास क्रूर वा मानहानिकारक वागणूक देऊ नये, हे तत्त्व आहे. त्याच्या नऊ वर्षे आधी आटपाडीच्या माळावर हे तत्त्व व्यवहारात आणण्याचा प्रयत्न चालू होता, ही बाब आपण लक्षात घ्यावी.

१९४२ च्या चले जाव आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. या चळवळीचे एक प्रमुख केंद्र कुंडल होते आणि कुंडल औंधच्या हद्दीत होते. ब्रिटिश पोलिसांच्या पाठलागातून सुटलेले अनेक भूमिगत कार्यकर्ते औंधच्या गावांत आसरा घेत. संस्थानावर कोल्हापूरच्या रेसिडेंटची देखरेख होती. उघड विरोध केला तर स्वराज्याचा प्रयोगच बंद पाडला जाईल आणि इंग्रजांना साथ दिली तर त्या प्रयोगाला अर्थ उरणार नाही, अशी औंधच्या राज्यकर्त्यांची कोंडी होती. त्यांनी भूमिगतांकडे कानाडोळा केला आणि शक्य तेथे सहानुभूती दाखवली. अधिकारपदावर राहून, नियम न मोडता, अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांना वाव देण्याचा हा अनुभव अप्पासाहेबांना पुढे फार दूरच्या देशात उपयोगी पडणार होता.

४.५ प्रयोगाच्या मर्यादा आणि विलीनीकरण

औंधच्या प्रयोगाचे वर्णन करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे स्वराज्य प्रामुख्याने वरून दिलेले होते. राजा उदार होता म्हणून ते मिळाले. उदार राजा नसता तर काय झाले असते, याचे उत्तर घटनेत नव्हते. विधिमंडळाची निवडणूक थेट नव्हती. मताचा अधिकार आला तरी गावातील जातीची उतरंड आणि सावकारी एका कायद्याने नाहीशी होणे शक्य नव्हते. शिवाय प्रयोगाला मिळालेला काळ अवघा नऊ वर्षांचा आणि त्यातही महायुद्धाचा.

८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झाले. राष्ट्राच्या एकीकरणासाठी ते आवश्यक होते. परंतु विलीनीकरणाबरोबर गावपंचायतींचे ते विशेष अधिकारही संपले आणि कारभार पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणाहून चालू लागला. राजेपण गेल्यापेक्षा पंचायती गेल्याची खंत अधिक मोठी होती. बाळासाहेबांचे १९५१ साली निधन झाले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ साली आला आणि पंचायतींना घटनात्मक स्थान देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संसदेने १९९२ साली संमत केली. औंधात सुरू झालेला विचार देशाच्या घटनेत पोचण्यास अर्धे शतक लागले.

४.६ पूर्व आफ्रिका : मैत्री आणि तिची किंमत

विलीनीकरणाच्याच वर्षी, १९४८ मध्ये, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी अप्पासाहेबांची ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारत सरकारचे आयुक्त म्हणून नेमणूक केली. त्यांचे कार्यालय नैरोबीत होते. वय ३६ वर्षांचे, परराष्ट्रसेवेचा पूर्वानुभव नाही आणि समोर वंशभेदावर उभी असलेली समाजव्यवस्था.

केनियातील समाज तीन थरांचा होता. वरच्या थरात युरोपीय वसाहतवाले. डोंगराळ भागातील सुपीक जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. मधल्या थरात भारतीय. मोंबासापासून आत जाणारी रेल्वे बांधण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो भारतीय मजूर नेण्यात आले होते आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी, कारकून, शिक्षक गेले होते. सर्वांत खाली आफ्रिकी. त्यांना स्वतःच्याच भूमीत ओळखपत्र गळ्यात अडकवून फिरावे लागे. भारतीयांना युरोपीयांकडून अपमान सोसावा लागे, पण तेही आफ्रिकी माणसाशी बरोबरीने वागत असत असे नव्हे.

येथे भारतीय आयुक्ताचे काम काय असावे? केवळ भारतीय व्यापाऱ्यांच्या तक्रारी सोडवणे, असा त्याचा अर्थ सहज लावता आला असता. नेहरूंची भूमिका वेगळी होती. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांनी तेथील मूळ रहिवाशांच्या हिताला अग्रस्थान द्यावे, त्यांच्या डोक्यावर बसून सवलती मागू नयेत, असे त्यांचे धोरण होते. अप्पासाहेबांना हे धोरण मनापासून पटले, कारण औंधात त्यांनी तेच केले होते. त्यांनी भारतीय समाजाला हा विचार समजावण्याचा प्रयत्न केला. तो सर्वांनाच रुचला असे नाही.

अप्पासाहेब आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी नलिनीदेवी यांच्या घरी आफ्रिकी, भारतीय आणि युरोपीय पाहुणे एकत्र जेवत. जेथे हॉटेले, शाळा आणि वस्त्याही वंशानुसार वेगळ्या होत्या, तेथे एका पंक्तीला बसणे ही राजकीय कृतीच होती. जोमो केन्याटा आणि कोइनांगे घराणे यांच्याशी त्यांचा जवळचा स्नेह जडला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात उच्च शिक्षण घेता यावे म्हणून भारत सरकारने शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांचा लाभ अधिकाधिक होतकरू मुलांना मिळावा, याकडे अप्पासाहेबांनी लक्ष दिले. गांधीजींच्या स्मरणार्थ पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी निधी जमवला होता. त्यातून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली असणारी शिक्षणसंस्था उभी राहावी, या प्रयत्नांतही त्यांचा सहभाग होता. हा निधी नैरोबीच्या तांत्रिक महाविद्यालयाशी जोडला गेला आणि त्याच संस्थेतून पुढे नैरोबी विद्यापीठ विकसित झाले.

दरम्यान जमिनीच्या प्रश्नावरून किकुयू लोकांतील असंतोष वाढत होता. माऊ माऊ या नावाने ओळखला जाणारा सशस्त्र उठाव सुरू झाला आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी पुकारली. केन्याटांना अटक झाली. कापेनगुरिया या दूरच्या ठिकाणी त्यांच्यावर खटला चालला. त्यांच्या बचावासाठी ब्रिटिश वकील डी. एन. प्रिट आले आणि भारतातून दिवाण चमनलाल गेले. स्थानिक भारतीय वकीलही त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५३ च्या एप्रिलमध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली.

या काळात अप्पासाहेबांची स्थिती अत्यंत अवघड झाली. गांधीविचाराचा माणूस म्हणून त्यांना हिंसा मान्य नव्हती. परंतु हिंसेचे कारण दाखवून एका संपूर्ण समाजाला छावण्यांत कोंडणेही त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. वसाहतीच्या सरकारला त्यांचे आफ्रिकी नेत्यांशी असलेले संबंध खुपू लागले. राजनैतिक प्रतिनिधीने यजमान देशाच्या अंतर्गत राजकारणात पडू नये, अशी तक्रार ब्रिटिशांनी दिल्लीकडे केली. त्यांच्या बाजूने पाहिल्यास ही तक्रार नियमाला धरून होती. पण यजमान कोण, हाच तर मूळ प्रश्न होता. १९५४ साली अप्पासाहेबांनी नैरोबी सोडली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि तुरुंगातून सुटलेले केन्याटा त्याचे नेते झाले.

४.७ हिमालयातील कसोटी

१९५५ साली अप्पासाहेबांची नेमणूक गंगटोक येथे झाली. पद होते राजकीय अधिकाऱ्याचे. सिक्कीम आणि भूतान यांच्याशी असणारे भारताचे संबंध त्यांच्याकडे होते आणि तिबेटमधील भारतीय कचेऱ्यांवर देखरेखही त्यांचीच होती. हे पद ब्रिटिशांनी निर्माण केलेले. पूर्वी औंधवर जशी रेसिडेंटची नजर असे, तशीच आता सिक्कीमच्या राजावर भारताच्या अधिकाऱ्याची होती आणि तो अधिकारी औंधचा राजपुत्र होता. दैवाचा हा फेरा अप्पासाहेबांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नसेल. त्यांनी अधिकार गाजवण्याऐवजी स्नेह जोडण्याची पद्धत अवलंबली. तिबेटी विद्येच्या अभ्यासासाठी गंगटोक येथे स्थापन झालेल्या नामग्याल संस्थेच्या उभारणीस त्यांनी साहाय्य केले. १९५७ मध्ये दलाई लामांच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १९५८ मध्ये नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. त्याच वर्षी नेहरूंनी खेचरांच्या वाटेने भूतानला जो प्रवास केला, त्यात अप्पासाहेब सोबत होते.

तिबेटचा प्रश्न मात्र स्नेहाने सुटणारा नव्हता. १९५० पासून तेथे चीनचे सैन्य होते. १९५४ च्या करारात भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले होते. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त १९५६ मध्ये दलाई लामा सिक्कीममार्गे भारतात आले, तेव्हा अप्पासाहेबांचा त्यांच्याशी निकटचा संबंध आला. पुढे ते स्वतः ल्हासालाही जाऊन आले. तिबेटी समाजाची श्रद्धा, त्यांची संस्कृती आणि तिच्यावर येणारा दाब त्यांनी जवळून पाहिला. त्याविषयीची आपली निरीक्षणे त्यांनी दिल्लीला कळवली. परंतु करार झालेला होता आणि भारताची लष्करी शक्ती मर्यादित होती. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आश्रयास आले. त्यांच्यामागोमाग हजारो निर्वासित हिमालय ओलांडू लागले.

केनियात अप्पासाहेबांच्या मागे भारताचे धोरण उभे होते. तिबेटच्या बाबतीत त्यांची सहानुभूती एकीकडे आणि सरकारचे करार दुसरीकडे होते. केनियात साम्राज्याच्या विरोधात बोलणे भारताला परवडत होते, येथे शेजारच्या बलाढ्य राष्ट्राशी गाठ होती. निर्वासितांना आसरा देणे, त्यांचा धर्म आणि भाषा जपण्यास जागा देणे, एवढे भारताने केले. ते थोडे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. मानवी हक्कांचे तत्त्व सर्वत्र सारखे असले तरी राष्ट्रे ते सारख्या धैर्याने पाळत नाहीत. अप्पासाहेबांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत कठीण धडा म्हणावा लागेल.

४.८ जाकार्ता ते रोम

१९६१ मध्ये ते इंडोनेशियात राजदूत झाले. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना वगळल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला. त्यावरून लोकांच्या भावना भडकल्या आणि जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. ज्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यास भारताने पाठिंबा दिला होता, तेथेच हे घडले. नवस्वतंत्र राष्ट्रांची मैत्री गृहीत धरता येत नाही, ती रोज जपावी लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

त्यानंतर १९६४ ते १९६६ नॉर्वे आणि १९६६ ते १९६९ इजिप्त अशा त्यांच्या नेमणुका झाल्या. १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध झाले तेव्हा ते कैरोत होते. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. ज्या सरकारने एकेकाळी त्यांच्याविषयी तक्रार केली होती, त्याच्याच राजधानीत ते आता भारताचे सर्वोच्च प्रतिनिधी होते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या काळात भारताची बाजू ब्रिटनपुढे मांडण्याची जबाबदारी त्यांच्या कचेरीवर होती. त्यांच्या लंडनमधील कारकिर्दीच्या अखेरीस, ऑगस्ट १९७२ मध्ये, युगांडाच्या इदी अमीन यांनी तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांतील अनेकांकडे ब्रिटिश पारपत्रे होती. मूळ रहिवाशांशी नाते जोडा, हा वीस वर्षांपूर्वीचा सल्ला पुरेसा ऐकला गेला असता तर हे टळले असते, असे म्हणणे सोपे होईल, पण ते न्याय्य ठरणार नाही. हुकूमशहाच्या लहरीपुढे चांगले शेजारीही निराधार होतात. मात्र लोकशाहीवाचून अल्पसंख्याकांना संरक्षण नाही, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

१९७२ ते १९७५ या काळात इटलीत राजदूत म्हणून काम करून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ लेखन, चिंतन आणि योगसाधना यांत गेला. त्यांनी इंग्रजीतून आत्मपर पुस्तके लिहिली, सूर्यनमस्कारावर लिहिले आणि १९८९ साली ‘ॲन अनयूज्वल राजा’ या पुस्तकात औंधच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. तीन खंडांतील अनुभवांपेक्षा ७२ गावांच्या त्या प्रयोगाकडे त्यांना उतारवयातही परत यावेसे वाटले, हे लक्षणीय आहे. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

४.९ मूल्यमापन

अप्पासाहेबांच्या जीवनाचे दोन भाग पडतात असे वरवर पाहता वाटते. पहिला औंधचा, दुसरा परदेशांतला. वस्तुतः दुसरा भाग पहिल्यातून निघालेला आहे. अधिकार असलेल्या माणसाने तो स्वतःहून कमी करावा, हे त्यांनी वडिलांकडून आणि गांधीजींकडून शिकले. केनियातील भारतीयांना त्यांनी हेच सांगितले आणि सिक्कीममध्ये स्वतः हेच आचरण्याचा प्रयत्न केला.

त्यांचे यश सर्वत्र सारखे नव्हते. औंधच्या पंचायती विलीनीकरणात गेल्या. केनियातून त्यांना जावे लागले. तिबेटसाठी त्यांना फारसे काही करता आले नाही. तरीही स्वतंत्रपूर टिकले, नैरोबीत विद्यापीठ उभे राहिले आणि गंगटोकची संस्था आजही चालू आहे. ज्या कामांत सरकारी आदेशापेक्षा माणसांचा सहभाग अधिक होता, ती कामे टिकली. अप्पासाहेबांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

४.१० सारांश

औंध संस्थानाचे राजपुत्र अप्पासाहेब पंत (१९१२-१९९२) यांनी वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी, मॉरिस फ्रिडमन आणि गांधीजी यांच्या साहाय्याने १९३९ साली स्वराज्य घटना अमलात आणली. प्रौढ मतदान, गावपंचायती आणि स्वतंत्रपूरची भिंतींविना कैदी वसाहत ही त्या प्रयोगाची वैशिष्ट्ये होत. १९४८ नंतर पूर्व आफ्रिका, सिक्कीम-भूतान-तिबेट, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटली येथे त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. तत्त्व आणि शासकीय मर्यादा यांतील ताण केनिया व तिबेट या दोन उदाहरणांतून विशेष दिसून येतो.

४.११ शब्दार्थ

खालसा मुलूख : थेट ब्रिटिश अंमलाखालील प्रदेश.
जबाबदार राज्यपद्धती : लोकनियुक्त विधिमंडळास उत्तरदायी असणारा कारभार.
रेसिडेंट : संस्थानांवर देखरेख ठेवणारा ब्रिटिश अधिकारी.
उच्चायुक्त : राष्ट्रकुलातील एका देशाचा दुसऱ्या देशातील राजदूत.
पारपत्र : परदेशप्रवासाचा अधिकृत परवाना, पासपोर्ट.

४.१२ स्वाध्याय

अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. औंधच्या स्वराज्य घटनेतील सत्तेची रचना कशी होती?
२. स्वतंत्रपूरची कल्पना त्या काळातील तुरुंगांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी होती?
३. केनियातील भारतीयांनी कोणती भूमिका घ्यावी असे अप्पासाहेबांना वाटत होते?

आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. राजाने दिलेले स्वराज्य आणि लोकांनी मिळवलेले स्वराज्य यांतील फरक औंध व राजकोट यांच्या उदाहरणांतून स्पष्ट करा.
२. केनिया आणि तिबेट येथील अप्पासाहेबांच्या भूमिकांची तुलना करा.

इ) उपक्रम
आपले गाव १९४८ पूर्वी कोणत्या संस्थानात किंवा खालसा मुलखात होते, याची माहिती गावातील वृद्धांकडून आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदपत्रांतून मिळवा. त्या काळी गावचा कारभार कोण पाहत असे, यावर सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.